मार्कांच्या आधी कागद

मागच्या महिन्यात शांघायच्या माझ्या तेरा वर्षांबद्दल या सदरात चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला. खाण्यापिण्याबद्दलची पत्रं पुढच्या वेळेसाठी बाजूला ठेवली आहेत. आज फक्त शाळा.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते: आम्ही २००८ ते २०२१ शांघायच्या मिनहांग भागात राहिलो. नवरा वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत, मी गणिताची शिक्षिका. पहिली दोन वर्षं मी घरीच होते, पुढची अकरा वर्षं एका खासगी द्विभाषिक शाळेत शिकवलं. त्यामुळे खालची उत्तरं थोडी आई म्हणून आहेत, थोडी बाई म्हणून.

प्रश्न: माझ्या मिस्टरांची तीन वर्षांसाठी शांघायला बदली होते आहे. मोठा आठवीत (सीबीएसई), धाकटी पहिलीत. तिथे कोणती शाळा बघावी? फी ऐकून छाती दडपली. — एक वाचक, चिंचवड

ताई, आधी शाळा शोधू नका, ऑफर लेटर वाचा. त्यात मुलांच्या शिक्षणखर्चाचं कलम आहे का, असेल तर दर मुलामागे किती, आणि किती वर्षं, हे तीन आकडे लिहून घ्या. तुमच्यासारख्या परदेशी पासपोर्टवाल्यांसाठी ज्या शाळा आहेत, त्यांची फी वर्षाला अडीच ते साडेतीन लाख युआन. एक युआन साधारण बारा रुपये धरा. म्हणजे एका मुलाचे तीस ते चाळीस लाख, बसचे पैसे वेगळे. स्वतःच्या पगारातून हे कुणी देत नाही, कंपनी देते. परदेशी नोकरदाराला मिळणाऱ्या या शिक्षणभत्त्यावर चीनमध्ये आयकराची सूटही आहे, सध्या २०२७ च्या अखेरपर्यंत.

आमच्या बाबतीत २०१५ साली झालं काय, कंपनीनं एक गोड मेल पाठवला. "आता तुम्ही इथे रुळलात, तेव्हा तुमचं पॅकेज स्थानिक धर्तीवर आणत आहोत." त्यातल्या 'स्थानिक'चा अर्थ शिक्षणभत्ता बंद. मुलगी तेव्हा तिसरीत होती. आठ दिवसांत तिला त्या शाळेतून काढून मी शिकवत होते तिथे घातलं, शिक्षकांच्या मुलांना सवलत होती म्हणून. वर्षाच्या मध्यात मैत्रिणी सोडाव्या लागल्या म्हणून ती दोन महिने माझ्याशी धड बोलली नाही. तेव्हा तीनही वर्षांचं कलम लेखी घ्या. "बघू पुढे" हे उत्तर चालवून घेऊ नका.

मोठ्याचं सांगते. तो तिथे आयजीसीएसई, म्हणजे आपल्या दहावीच्या तोडीची ब्रिटिश परीक्षा, करेल आणि परत येईल तेव्हा अकरावीच्या दारात असेल. आपल्याकडे त्या ग्रेडचं टक्क्यांत रूपांतर करून प्रवेश मिळतो, पण मे-जूनच्या परीक्षेचा निकाल ऑगस्टमध्ये लागतो आणि इथल्या याद्या त्याच्या आधीच लागायला लागतात. म्हणून शाळेला पहिल्याच भेटीत विचारा की ऑक्टोबर-नोव्हेंबरची परीक्षा देता येईल का. धाकटीची काळजीच करू नका. पहिलीतलं मूल वर्षभरात चिनी बोलायला लागतं आणि मग भाजीवाल्याशी घासाघीस करायला तुम्ही तिलाच पुढे करता.

एक पर्याय जरूर बघा. काही नामांकित सरकारी शाळांना परदेशी मुलांसाठी वेगळा विभाग असतो. शांघाय हायस्कूलचा असा विभाग १९९३ पासून चालू आहे. गणित तिथे चांगलंच कडक आहे, आपल्या मुलांना मानवतं. फी ब्रिटिश नावांच्या शाळांपेक्षा बरीच कमी.

प्रश्न: चीन म्हणजे साम्यवादी देश. सगळ्यांना सारखं शिक्षण असं आम्ही वाचत आलो. मग इंग्लंडमधल्या हॅरो, डलिच यांच्या शाखा तिथे कशा? त्यात कोण शिकतं? श्रीमंत चिनी? — एक वाचक, नाशिक

तुमचा प्रश्न वरवर दिसतो तेवढा सोपा नाही, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

'इंटरनॅशनल स्कूल' या पाटीखाली चीनमध्ये तीन वेगळ्या शाळा उभ्या असतात, आणि लोक तिन्हींना एकाच नावानं हाक मारतात. पहिली, परदेशी नोकरदारांच्या मुलांची शाळा. हिला १९९५ च्या नियमांचा आधार आहे. डलिच शांघायला २००३ मध्ये आलं, हॅरो बीजिंगला २००५ मध्ये. या प्रकारात मुख्य भूमीच्या चिनी नागरिकाच्या मुलाला प्रवेशच नाही. बाप कितीही पैसेवाला असो, मुलाकडे परदेशी पासपोर्ट हवा. दुसरी, खासगी द्विभाषिक शाळा, म्हणजे माझी. हिच्यात चिनी मुलंच बहुसंख्य. आणि तिसरी, नामांकित सरकारी हायस्कूलचा चिनी मुलांसाठीचा 'आंतरराष्ट्रीय विभाग' (वर सांगितला तो परदेशी मुलांचा, हा वेगळा): इमारत सरकारी, नाव सरकारी आणि वर्षाला लाखभर युआन फी. या तिसऱ्या प्रकारावर खुद्द चीनमध्येच इतकी टीका झाली की बीजिंगसारख्या शहरांनी नवे विभाग काढू देणं थांबवलं.

आता कोण शिकतं ते. माझ्या वर्गात बटणांचा कारखाना असलेल्या एका झेजियांगच्या गृहस्थांचा मुलगा होता. वडील नववी शिकलेले. पालकसभेला नेहमी वेळेच्या आधी येऊन मागच्या बाकावर बसायचे, हातात चहाची काचेची बाटली. एकदा मी त्यांना मुलाचा पेपर दाखवला, बीजगणितात तो कच्चा होता. पेपर त्यांनी उलटा-सुलटा बघितला आणि म्हणाले, "लाओशी, मी पुष्कळ कडू खाल्लं. याला थोडं कमी खाऊ दे." 'कडू खाणं' हा त्यांचा वाक्प्रचार, हालअपेष्टा सोसणं या अर्थाचा. लाओशी म्हणजे बाई किंवा सर. मग हळूच विचारलं, "हा जोंगकाओला बसेल तेव्हा पास होईल का?"

सगळी मेख या जोंगकाओत आहे. आपण बाहेरचे लोक गाओकाओचंच बोलतो. ती बारावीनंतरची, ७ जूनला सुरू होणारी महापरीक्षा. २०२४ मध्ये तिला १ कोटी ३४ लाख २० हजार मुलं बसली. पण पालकांची झोप उडते ती नववीनंतरच्या जोंगकाओनं. वर्षानुवर्षं धोरण असं होतं की या परीक्षेनंतर साधारण निम्मी मुलं साध्या हायस्कूलला जातील आणि निम्मी व्यवसायशिक्षणाच्या शाळेत. पंधराव्या वर्षी मूल एका बाजूला पडतं. व्यवसायशिक्षण वाईट असतं असं मला म्हणायचं नाही, पण शांघायमधल्या बँकेतल्या बाईला मुलगा तिकडे गेला हे नातेवाइकांना सांगणं म्हणजे मरणप्राय.

द्विभाषिक शाळेची वरच्या वर्गाची फी, म्हणजे दीड-दोन लाख युआन, ज्या पालकांनी माझ्यासमोर भरली, त्यातल्या बहुतेकांना शेक्सपिअरचं काही पडलेलं नव्हतं. ते भीतीचा विमा उतरवत होते. दहावीपासून ए-लेव्हल किंवा आयबी हे परदेशी विद्यापीठांत चालणारे अभ्यासक्रम घेतले की जोंगकाओचा निकाल कसाही लागो, फरक पडत नाही आणि गाओकाओचा प्रश्नच येत नाही. त्याची किंमतही ते जाणून असत. पोरगं मग बाहेरच्या देशातच जाणार, कारण गाओकाओची गाडी एकदा सोडली की परत धरणं जवळजवळ अशक्य. बटणवाल्या गृहस्थांना हे पक्कं ठाऊक होतं. बँकेत नोकरी करणाऱ्या एका जोडप्याला ते मूल दहावीत गेल्यावर कळलं. लंडनचा खर्च मांडायला बसले तेव्हा, आणि मग त्यांनी फ्लॅट विकायला काढला. मधल्या मधे सापडतो तो हा वर्ग.

जे खरोखर श्रीमंत, त्यांचा रस्ता आणखी वेगळा. चीन आपल्यासारखाच दुहेरी नागरिकत्व मानत नाही. म्हणून मूल अमेरिकेत जन्माला घालायचं किंवा त्याच्यासाठी एखाद्या छोट्या बेटावरच्या देशाचा पासपोर्ट विकत घ्यायचा. मग ते मूल कागदोपत्री परदेशी. हॅरोत जाऊ शकतं आणि पुढे छिंगह्वासारख्या विद्यापीठात गाओकाओ न देता 'परदेशी विद्यार्थी' म्हणून अर्जही करू शकतं. यावर इतकी बोंब झाली की २०२० मध्ये शिक्षण मंत्रालयानं अट घातली: पासपोर्ट किमान चार वर्षं जुना हवा आणि अर्जाआधीच्या चार वर्षांत दोन वर्षं तरी खरोखर परदेशात राहिलेलं हवं. परदेशी मुलगा, तोही अस्सल बीजिंगच्या उच्चारात चिनी बोलणारा. आमच्या स्टाफरूममध्ये या नियमावर दिवसभर हसणं चाललं होतं.

स्टाफरूमचं निघालंच आहे तर सांगते. तिथेही पायऱ्या होत्या. ब्रिटिश पासपोर्टचा गणितशिक्षक आणि भारतीय पासपोर्टची मी, वर्ग तोच, पुस्तक तेच, पगारात मात्र दीडपटीचा फरक. नव्या पालकांसाठी ओपन डे असे तेव्हा दारात स्वागताला कोण उभं राहणार हे ठरलेलं असे. मला प्रेमानं सांगितलं जाई, "तुम्ही मॅथ्स लॅब सांभाळा." लॅब जिन्याच्या मागे होती. पालकांना परदेशी शिक्षक हवे होते, पण त्यांच्या डोळ्यासमोर जो परदेशी होता त्याचे केस सोनेरी होते. निकाल लागला की मात्र जिन्यामागे रांग लागायची.

साम्यवादाबद्दल तुम्ही विचारलंत. सरकारला हे सगळं दिसत नव्हतं असं नाही. सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनी पहिली ते नववीच्या खासगी शाळांवर परदेशी मालकी किंवा ताबा बंद केला, परदेशी पाठ्यपुस्तकं बंद केली, नावातलं 'इंटरनॅशनल' काढायला लावलं. आमच्या गेटवरची अक्षरं काढली तेव्हा मागे भिंतीवर फिकट ठसे राहिले, ते कित्येक दिवस वाचता येत. लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेनं छंगदू शहरातल्या शाखेचा बेत त्याच वर्षी गुंडाळला. जुलै २०२१ मध्ये खासगी शिकवण्यांवरही टाच आली. शिकवण्या थांबल्या का? मोठ्या कंपन्यांच्या थांबल्या. आमच्या सोसायटीत त्या घरगुती झाल्या आणि तासाचा दर वाढला. ज्यांना परवडत होतं त्यांनी घेतल्या.

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आपल्याकडे आरटीईखाली खासगी शाळांत २५ टक्के जागा गरीब मुलांना सोडतीनं मिळतात. चीनमध्ये असं काही आहे का? मोलमजुरी करणाऱ्याच्या मुलानं चांगल्या शाळेत जायचं कसं? — एक वाचक, कोल्हापूर

सर, सोडत आहे. पण तुम्हाला वाटते ती नाही.

२०२० पासून खासगी शाळेत जागांपेक्षा अर्ज जास्त आले की संगणकावर सोडत काढावी लागते. त्याआधी शाळा मुलांच्या मुलाखती घेत, आणि मुलांच्याच कशाला. २०१७ मध्ये शांघायच्या दोन खासगी प्राथमिक शाळांनी प्रवेशाच्या वेळी पालकांना कोडी सोडवायला लावली आणि आजी-आजोबा किती शिकलेत हेही विचारलं. शिक्षण खात्यानं कान उपटले. तेव्हा सोडत ही सुधारणाच म्हणायची. पण फी तीच राहिली. चिठ्ठी निघते ती ज्यांना दीड लाख युआन परवडतात त्यांच्यातल्या त्यांच्यात. आपली २५ टक्क्यांची सोडत निदान फी भरू न शकणाऱ्यासाठी आहे. तीही राखायला २०२४ मध्ये पालकांना मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल.

सरकारी शाळा तिथे नऊ वर्षं मोफत आणि शहरांत खरोखर उत्तम. पण चांगल्या सरकारी शाळेत जागा मिळते ती घराच्या पत्त्यावर. म्हणून शाळेच्या हद्दीतल्या घरांना वेगळं नावच आहे, श्वेछ्यूफांग. माझी एक सहशिक्षिका, स्वतः चिनी, मुलाच्या पहिलीसाठी तीस चौरस मीटरच्या खोलीत राहायला गेली. जिना अंधारा, ओट्याशेजारीच मोरी, इमारत पन्नास वर्षं जुनी. भाव चौरस मीटरला लाख युआनच्या वर, आपल्या हिशेबानं चौरस फुटाला लाख रुपयांहून जास्त. ती म्हणायची, "आम्ही घर नाही घेतलं, बाक घेतला."

आणि मजूर? तुमचा खरा प्रश्न हा आहे. त्यासाठी मला आमच्या घरातल्या बाईंबद्दल सांगावं लागेल.

घरकाम करणाऱ्या बाईंना चिनीत 'आयी' म्हणतात, म्हणजे मावशी. माझी मुलगी लहानपणी मला आई आणि त्यांना आयी म्हणायची, फक्त दुसऱ्या अक्षरावर सूर वर न्यायची. आम्ही दोघी एकदम ओ द्यायचो. आयी आन्ह्वेई प्रांतातल्या डोंगराळ जिन्झाईच्या, नवरा शांघायमध्येच बांधकामावर. २०१० मध्ये आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांचा मुलगा सात वर्षांचा होता आणि इथेच बाहेरगावच्या मजुरांच्या मुलांसाठी असलेल्या एका शाळेत जायचा. पाचवी झाली आणि त्या मला म्हणाल्या, "याला आता गावी पाठवते." मी म्हटलं, अहो का? मुलगा हुशार आहे, माझ्याकडे गणिताला बसतो, दशांश अपूर्णांक तोंडी करतो.

त्यांनी उत्तर दिलं नाही. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक गडद लाल पुस्तिका काढून ओट्यावर ठेवली. त्यांचं हुकोऊ. रेशनकार्ड, जन्मदाखला आणि डोमिसाइल असं तिन्ही एकत्र बांधल्यासारखी पुस्तिका. १९५८ च्या कायद्यापासून प्रत्येक माणूस कुठल्या गावचा हे ती ठरवते. गाओकाओ द्यायचा तो हुकोऊच्या प्रांतात. शांघायमध्ये साधं हायस्कूल किंवा गाओकाओ हवा असेल तर पालकाच्या निवास परवान्याचे १२० गुण भरावे लागतात, ही पद्धत २०१३ पासूनची. गुण कशाचे? पदवीचे, सामाजिक विम्याच्या हप्त्यांचे, वयाचे. आयींकडे पदवी नव्हती आणि विमा भरणारं कोण? मीच त्यांना रोख पगार देत होते. हे मला त्या दिवशी, ओट्याशी उभं राहून कळलं. चौकशी केली तेव्हा कळलं की घरकामाला ठेवणाऱ्या व्यक्तीनं तो विमा उतरवायची सोय तिथे जवळपास नाहीच, पण त्यानं माझं तोंड काही वर झालं नाही.

दोन ठिकाणची पुस्तकंही पुष्कळदा वेगळी असतात, म्हणून नववीत पाठवण्यापेक्षा सहावीतच पाठवलेलं बरं असा त्यांचा हिशेब. पोरगं गेलं. आजीजवळ, मग निवासी शाळेत. चिनी नववर्षाला आयी गावी जात तेव्हा मी गणिताची पुस्तकं देत असे. २०१८ मध्ये जोंगकाओ झाली, साध्या हायस्कूलची रेषा बारा गुणांनी चुकली. व्यवसायशिक्षणाच्या शाळेत मेकॅट्रॉनिक्स केलं. आता हफेईला इलेक्ट्रिक गाड्यांच्या कारखान्यात आहे, पगार बरा आहे, आयी खूश आहेत. त्यांना वाईट वाटतं ते माझ्या नवऱ्याच्या पगाराइतकं मिळत नाही याचं, बारा गुणांचं नाही. ते बारा गुण मीच घेऊन बसले आहे. माझ्या शाळेतला बटणवाल्यांचा मुलगा त्या वर्षी जोंगकाओत चाळीस गुणांनी खाली होता आणि सप्टेंबरमध्ये ए-लेव्हलच्या वर्गात माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसला होता. गुणी पोरगं हो, त्याच्यावर माझा काही राग नाही.

सर, तुमच्यासारख्या शिक्षकाला एक आकडा सांगून ठेवते. हनान प्रांतातून २०२४ मध्ये साडेतेरा लाखांच्या वर मुलं गाओकाओला बसली आणि बीजिंगमधून सत्तर हजारांच्या आत. देशातली सर्वांत नावाजलेली दोन विद्यापीठं बीजिंगमध्ये आहेत आणि जागा प्रांतवार ठरतात. हुकोऊवरचं गाव बदललं की स्पर्धाच बदलते. म्हणून मी माझ्या चिनी मैत्रिणींना म्हणायचे, तुमच्याकडे मार्कांच्या आधी कागद तपासतात. पासपोर्ट, हुकोऊ आणि घराचा कागद. त्या म्हणायच्या, "तुमच्याकडे?" मग मी विषय बदलायचे.

प्रश्न: चिनी मुलं वर्गात सलाइन लावून अभ्यास करतात आणि बाकावर झोपतात असा व्हिडिओ पाहिला. खरं आहे? — एक वाचक, अकोला

सलाइनचा फोटो खरा, २०१२ चा, हुबेई प्रांतातल्या शियाओगानचा. गाओकाओच्या आधी अमिनो आम्लाच्या बाटल्या वर्गात टांगल्या होत्या. तेव्हा चीनमध्येही गदारोळ झाला. ते रोजचं चित्र समजू नका.

बाकावरची झोप मात्र रोजची आणि त्यात काही वावगं नाही. दुपारी जेवल्यावर अर्धा-पाऊण तास डोकं टेकायचं ही तिथली पद्धतच आहे, कचेऱ्यांतही. पुण्याच्या माणसाला तर हे समजावून सांगायलाच नको. आमच्या शाळेत इंग्लंडहून आलेल्या मुख्याध्यापकांनी एका वर्षी ती झोप बंद करून त्या जागी 'क्लब टाइम' आणला. तीन आठवड्यांत पालकांनी परत सुरू करायला लावली.

प्रश्न: मी सातवीत आहे. चीनमधली मुलं शाळेत डबा नेतात का? — एक वाचक, सातारा

बाळा, फारसा नाही नेत. बहुतेक शाळांत जेवण शाळेतच, गरम. थंड डबा खायचा ही कल्पनाच चिनी आजीला सहन होत नाही. पाणीसुद्धा गरम पितात.

माझ्या शाळेच्या जेवणघरात चार खिडक्या होत्या: चिनी, पाश्चात्त्य, नूडल्स आणि सॅलड. मुलं कार्ड टेकवायची, जेवणाचे पैसे कार्डातून जायचे, एका वेळेचे तीस युआन. आयींच्या मुलाच्या गावच्या शाळेतही जेवण मिळायचं. २०११ पासून सरकारनं गरीब तालुक्यांतल्या मुलांसाठी दुपारच्या जेवणाचं अनुदान सुरू केलं, दिवसाला ३ युआन. तो गावी गेला त्या वर्षाच्या अखेरीला त्याचे ४ झाले. भात, कोबी आणि कधीतरी अंडं, असं तो मला फोनवर सांगायचा. अंडं असलं की तेच आधी सांगायचा.

माझी मुलगी मात्र हट्टानं डबा न्यायची, तोही आयींनी केलेला. मी त्यांना थालीपीठ शिकवलं होतं. भाजणी पुण्याहून यायची. आयी त्यात कांदा चिरून घालायच्या ऐवजी कांद्याची पात घालायच्या आणि तव्यावर दोन्हीकडून जास्तच तेल सोडायच्या, त्यांच्या पातीच्या पोळीसारखं. मी आधी कुरकुर केली. आता पुण्यातही आमच्याकडे थालीपिठात पातच पडते. डबा उघडला की तिच्या वर्गातली मुलं सॅलडची खिडकी सोडून तिच्याभोवती यायची आणि एका तुकड्याला एक दह्याची बाटली असा भाव ठरला होता. संध्याकाळी दप्तरात तीन-चार बाटल्या निघायच्या. त्यातल्या दोन ती आयींच्या पिशवीत टाकायची.